पाच बदकं आणि पाण्याची वाट : घरामागच्या बदकघराचं एक प्रकरण

कुटुंबाच्या परवानगीने हे लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत; मापं, घटनांचा क्रम आणि चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी बरीच वर्षं बदकं पाळते आणि या बांधकामात पहिल्या दिवसापासून सल्ला द्यायला होते. त्यामुळे पुढे येणाऱ्या चुकांपैकी दोन माझ्या आहेत, आणि त्यातली एक फार महागात पडली.

पार्श्वभूमी

घरात तिघं. निवृत्त सासरे, ज्यांना सगळेच बाबा म्हणतात, त्यांची सून, आणि तिचा 11 वर्षांचा मुलगा. मुलाच्या हट्टावरून खाकी कॅम्पबेल जातीची 5 पिल्लं आणली गेली. मोठी झाल्यावर कळलं की 4 माद्या आणि 1 नर आहे. ही जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी संकरातून तयार केली. तिच्यात रनर नावाच्या जातीच्या बदकाचं रक्त आहे, म्हणून ती अंगाने हलकी, चपळ आणि जराशा आवाजाने एकदम बिथरणारी. हा स्वभाव दाराच्या रुंदीपर्यंत सगळीकडे आड येतो.

बदकाचं पिल्लू साधारण 7-8 आठवड्यांत पूर्ण पिसारतं. तोवर ही पिल्लं घरातच मोठ्या खोक्यात होती. मला बोलावलं तेव्हा ती 4 आठवड्यांची होती, म्हणजे हातात जेमतेम महिना होता.

घरामागे 40 बाय 25 फुटांची मोकळी जागा होती. जमीन कठीण, मागच्या भिंतीकडे हलका उतार. कोपऱ्यात कोंबड्यांचं जुनं खुराडं उभं होतं: 2 फूट उंच पायांवर, चढायला अरुंद शिडी, आत बसायला दांड्या, भोवती षटकोनी जाळी. बाबांचं म्हणणं सरळ होतं. "अगं, एवढं चांगलं खुराडं असताना नवं कशाला? धुवून घेऊ, झालं."

अडचण

पिल्लं 6 आठवड्यांची झाल्यावर उबेच्या दिवसांत चार रात्री त्या खुराड्यात ठेवून पाहिली. त्या चार रात्रींनी जे शिकवलं ते मी तोंडाने सांगून पटलं नसतं.

पहिल्याच सकाळी एक पिल्लू शिडीवरून उतरण्याऐवजी वरूनच पडलं आणि लंगडू लागलं. बदकाचे पाय पोहण्यासाठी बनलेले, मागे सरकलेले. शिडी चढणं-उतरणं त्यांच्या अंगात नाही, आणि दांडीवर तर ती बसतच नाहीत, जमिनीवर झोपतात. लंगडण्यामागे आणखी एक शक्यता पशुवैद्यांनी दाखवली. पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य चालू होतं, आणि बदकाच्या पिल्लाला त्याहून जास्त नायसिन (एक ब जीवनसत्त्व) लागतं. ते कमी पडलं की पाय वाकडे होतात, चाल बिघडते. खाद्यात यीस्ट सुरू केलं, शिडी बंद केली, आठवड्यात पिल्लू नीट चालू लागलं. दोन्ही उपाय एकदमच केल्यामुळे दोष कशाचा होता हे सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट ओलीची. आत पाण्याचं एक भांडं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळा तळ चिखल झाला. बदकाच्या विष्ठेत बहुतांश पाणीच असतं, त्यात ती प्रत्येक घासाबरोबर चोच पाण्यात बुचकळतात आणि झटकतात. तिसऱ्या सकाळी सुनेने दार उघडलं तेव्हा तिला वास आला नाही. मी तिला खाली वाकायला सांगितलं. बदकाच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेल्याबरोबर तिच्या डोळ्यांना झोंबलं. अमोनिया तिथेच साठतो, जिथे बदक रात्रभर श्वास घेतं.

चौथ्या रात्री कुठल्या तरी प्राण्याने खालच्या कोपऱ्यातली षटकोनी जाळी ओढून उसवली. आतली फळी लावलेली होती म्हणून पिल्लं वाचली. मातीत मुंगसासारखी पावलं होती. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही, हे त्या दिवशी बाबांनी स्वतःच बोलून दाखवलं, आणि जुन्या खुराड्याचा विषय संपला.

समोरचे पर्याय

जुनं खुराडं बाद झाल्यावर तीन वाटा उरल्या.

विटांचं पक्कं घर बाबांना मनापासून आवडत होतं. मजबूत, कुजत नाही, धुता येतं. पण उरलेल्या दिवसांत गवंडीकाम उरकून ते सुकणं अवघड होतं, आणि जागा चुकली तर हलवता येणार नव्हतं. मी या शेवटच्या मुद्द्यावर अडून बसले. बदकांच्या बाबतीत पाणी कुठे साठतं हे पहिल्या पावसाआधी नक्की कळत नाही.

दुसरी वाट सुनेने सुचवली, आणि ती वाटते तितकी वेडी नव्हती: घर बांधूच नये. चारही बाजूंनी आणि वरून मजबूत जाळीचं आवार करावं, एका कोपऱ्यात पत्रा आणि दोन बाजूंना फळ्यांचा आडोसा. बदकांना थंडी फारशी बाधत नाही, त्यांना त्रास होतो तो उन्हाचा आणि कोंदटपणाचा. पण आवारातली एकच जाळी फाटली की सगळं उघडं पडणार. शिवाय घाबरलेलं बदक रात्री भिंतीला धडकत फिरतं. बंद, अंधारलेल्या जागेत ते शांत राहतं.

तिसरी वाट म्हणजे जमिनीलगत लाकडी घर आणि त्याला जोडून छताचं जाळीचं आवार. ठरलं ते हेच, पण सुनेच्या सूचनेतला अर्धा भाग घेऊन. आवाराची जाळी घराइतकीच मजबूत करायची, म्हणजे उकाड्याच्या रात्री घराचं दार उघडं ठेवून बदकांना आवारात फिरू देता येईल. खर्च वाढला तो जाळीवर. पूर्ण प्रकरणात मला आजही सर्वांत बरोबर वाटतो तो हाच निर्णय.

बांधकाम

घर 5 बाय 4 फूट, म्हणजे दर बदकामागे 4 चौरस फूट. पुढची उंची 4 फूट, मागची 3. पुढची अख्खी भिंत बिजागऱ्यांवर उघडते, त्यामुळे तळावर अंथरलेली भुश्श्याची गादी फावड्याने थेट घमेल्यात ओढता येते. ज्याला आत रांगत जाऊन साफसफाई करावी लागते त्याची साफसफाई महिन्याभरात ढिली पडते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

तळाला प्लायवूड, त्यावर अखंड व्हिनाइल, कडांना 4 इंच वर वळवून चिकटवलेलं. त्यावर 4 इंच जाड लाकडी भुश्श्याची गादी. गादी कोरडी आणि बिनबुरशीची हवी, कारण बुरशीच्या कणांनी बदकांच्या फुप्फुसांना होणारा अ‍ॅस्परजिलोसिस बरा करणं फार कठीण जातं.

हवा खेळण्यासाठी दोन्ही लांब भिंतींच्या वरच्या कडेला 6 इंच उंचीच्या फटी, जाळी लावून. खाली झोपलेल्या बदकांच्या अंगावरून वारा जाऊ नये आणि दमट हवा वरून निघून जावी, एवढाच हेतू. सुताराने पावसाच्या भीतीने एका बाजूची फट फळीने बंद करून टाकली होती. ती उघडून घेतली आणि छप्पर तेवढ्या बाजूला 1 फूट पुढे वाढवलं.

दार 18 इंच रुंद. एका बदकाला 12 इंच पुरतात, पण सकाळी दार उघडलं की पाचही एकदम निघतात, आणि अरुंद दारात दोघं अडकली की पाय-पंख दुखावतात. तळ जमिनीपासून फक्त 8 इंच वर, त्यासाठी 3 फूट लांब फळीचा उतार, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या.

आवार 12 बाय 6 फूट. उंची किती ठेवायची यावर एक संध्याकाळ गेली. 3 फुटांवर लाकूड आणि जाळी निम्मी वाचत होती. शेवटी साडेसहा फूट ठेवली, माणूस ताठ उभा राहील इतकी.

जाळी अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी छिद्रांची जाळी. खालून तिला जमिनीत उभी गाडण्याऐवजी बाहेरच्या बाजूला 18 इंच आडवी पसरली आणि वर माती-दगड टाकले. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतो. तिथे जाळी लागली की तो मागे सरकून नव्याने सुरुवात करत नाही. चौकटीला जाळी स्क्रू आणि रुंद वॉशरने बसवली. बसवताना ती जागेवर राहावी म्हणून आधी यू खिळ्यांनी तात्पुरती ठोकली आणि नंतर ते उपटून काढले. या खिळ्यांकडे पुढे परत यावं लागणार आहे.

दोन्ही दारांना कडी आणि कडीत अडकवायचा स्प्रिंगचा हूक.

छतावर मतभेद झाला. मी म्हटलं, घराच्या बाजूला 6 फूट पत्रा, उरलेल्या 6 फुटांवर जाळी. ऊन-पाऊस दोन्ही मिळू दे. बाबांनी पूर्ण पत्र्याचा आग्रह धरला. माझं ऐकलं गेलं. ही माझी पहिली चूक.

पहिला मोठा पाऊस

बदकं नव्या घरात गेल्यावर अडीच आठवड्यांनी रात्रभर पाऊस झाला. सकाळी आवाराचा उघडा भाग काल्यासारखा झाला होता. घराच्या पत्र्याचा उतार आवाराकडे होता, त्यामुळे पागोळ्या नेमक्या फळीच्या पायथ्याशी पडून तिथे खड्डा झाला होता. पाण्याचा टबही आम्ही दाराजवळच ठेवला होता, भरायला जवळ पडतो म्हणून. वरचं, बाजूचं आणि टबातलं असं तिन्ही पाणी एकाच ठिकाणी आलं.

बदकांना चिखल आवडतो, म्हणून सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. दहा-बारा दिवसांनी एका मादीच्या तळपायाला काळी खपली आणि खाली गाठ दिसली. सतत ओल्या जमिनीने कातडी मऊ पडते, खड्याने चीर जाते, आणि तिथून स्टॅफिलोकॉकससारखे जंतू शिरतात. वेळेत दिसलं, कोरड्या जागी ठेवून पशुवैद्यांच्या उपचारांनी ती बरी झाली. पण कारण गेल्याशिवाय ते परत येणार हे उघड होतं.

मग जे काम बांधण्याआधी करायचं ते बांधल्यावर केलं. सुनेने बादलीभर पाणी आवाराच्या वरच्या टोकाला ओतलं आणि मुलाने ते जिकडून वाहिलं तिकडे चुन्याची रेघ मारली. अर्ध्या तासात अख्खा नकाशा जमिनीवर उमटला. पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यात जात होतं, आणि टब होता उजवीकडे वर.

घराच्या छताला पन्हळ लावून पाणी आवाराबाहेर काढलं. उघड्या भागावरही पत्रा घातला. यामागे पावसाखेरीज आणखी एक कारण होतं, जे मला आधीच सुचायला हवं होतं. बर्ड फ्लूचा विषाणू रानपक्ष्यांच्या विष्ठेतून येतो, आणि वरची जाळी पक्ष्याला अडवते, विष्ठेला नाही. इंग्लंडमध्ये 7 नोव्हेंबर 2022 पासून चार-पाच बदकं असलेल्या घरांनाही ती बंदिस्त ठेवणं सक्तीचं झालं होतं. तशी वेळ आली तर छत असलेलं आवारच उपयोगी पडतं. पत्रे वरून पांढरे रंगवले आणि जाळीच्या भिंती मोकळ्या ठेवल्या, त्यामुळे खाली तापत नाही.

टब डाव्या कोपऱ्यात नेला. खाली 3 बाय 3 फुटांचा, दीड फूट खोल खड्डा. तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर लाकडी जाळीदार चौकट आणि चौकटीवर टब. पाणी इतकं खोल की बदकाला डोकं पूर्ण बुडवता येईल. नाकपुड्या आणि डोळे स्वच्छ राहायला ते लागतंच. टब रोज त्या खड्ड्यात उपडा करायचा. दोन महिने छान चाललं, मग खड्डा तुंबला. विष्ठा, खाद्याचा चोथा आणि पिसं यांनी खडीच्या फटी भरून गेल्या. तेव्हा टबाच्या तळाला व्हॉल्व आणि 2 इंची पाइप बसवून मळकं पाणी थेट झाडांच्या आळ्यांत सोडलं, आणि खड्ड्यावर फक्त शिंतोड्यांचं काम ठेवलं. खडी वर्षातून एकदा काढून धुवावी लागते. याला सोपा पर्याय मला सापडलेला नाही.

खाद्य-पाण्याचा नियमही तेव्हाच ठरला. घरात दोन्हीतलं काही नाही. रात्री खाद्य उचललं तर पाणी उचललं तरी चालतं. पण खाद्य ठेवून पाणी काढायचं नाही, कारण पाण्याशिवाय कोरडा घास बदकाच्या घशात अडकतो.

एक मृत्यू

पाचव्या महिन्यात एका मादीची खाण्यावरची वासना उडाली. मलूल, पिसं फुगवलेली, विष्ठा हिरवी. पहिला दिवस आम्ही उष्म्यावर घालवला. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी एक्स-रे काढला. पोटातल्या पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, धातूचे चार तुकडे होते: एक यू खिळा आणि जाळीच्या तारेची तीन छाटलेली टोकं. जस्ताचा मुलामा असलेली तार पेषणीतल्या आम्लात विरघळते आणि जस्त रक्तात जातं. औषध सुरू केलं, पण तिसऱ्या रात्री ती गेली.

ज्या जाळीने तिला मुंगसापासून वाचवलं त्याच जाळीच्या तुकड्यांनी ती मेली. बदक चकाकणारी बारीक वस्तू दिसली की गिळतं, हे मला माहीत होतं. जाळी कापताना खाली ताडपत्री अंथरायची आणि काम संपल्यावर जमीन चुंबकाने विंचरायची, हेही माहीत होतं. त्या दिवशी अंधार पडत आला होता, आणि "उद्या करू" असं मीच म्हणाले. उद्या आम्ही दारं बसवत होतो. ही माझी दुसरी चूक.

मुलाने त्या आठवड्यात दोरीला मोठा चुंबक बांधून तो आवाराच्या प्रत्येक हातभर जागेवरून फिरवला. 23 तुकडे निघाले. काही वरवर होते, बहुतेक पहिल्या चिखलाने खाली दबले होते, आणि बदकांच्या चोचींनी हळूहळू वर येत होते.

मृत्यूचा दुसरा परिणाम आम्ही धरला नव्हता. एका नरामागे चार माद्या होत्या, त्या तीन राहिल्या. नराचा जोर तिघींवर पडू लागला आणि दोघींच्या मानेवरची पिसं झडली. आवाराच्या मधोमध काढता-घालता येणारी जाळीची चौकट उभी करून नराला दिवसाचे काही तास वेगळं ठेवावं लागलं. मूळ आराखड्यात अशा आडपडद्याची सोय असती तर दोन खांब आणि दार नव्याने बसवावं लागलं नसतं.

वर्षानंतर

गादी कोरडी राहते. वाकून नाक नेलं तरी झोंबत नाही. पायाची गाठ परत कुणाला झाली नाही. मुंगूस दोनदा आलं. बाहेर पसरलेल्या जाळीवर उकरल्याच्या खुणा सोडून गेलं. अंडी बहुतेक पहाटेच पडतात, म्हणून दार 8 नंतर उघडतात, आणि तोवर ती घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, 4 इंची फळीच्या मागे सापडतात.

जे बांधकामाने सुटलं नाही ते संध्याकाळचं. कोंबड्या तिन्हीसांजेला आपणहून आत जातात. ही बदकं जात नाहीत. दोन हातांत दोन काठ्या आडव्या धरून सावकाश त्यांच्या मागून चालत राहिलं की ती ओळीने पुढे चालतात. मुलगा शाळेच्या सहलीला गेला त्या रात्री बाबांनी घाई केली, तर चारऐवजी चाळीस असावीत तसा गोंधळ झाला. आता बाबा आणि मुलगा दोघंही एकाच वेळी, एकाच वाटेने त्यांना नेतात.

पुन्हा बांधायचं झालं तर

पहिला दिवस लाकडाला हात न लावता बादली घेऊन घालवीन. पाणी कुठे जातं ते पाहून टबाची जागा ठरवीन, टबावरून आवार, आणि शेवटी घर. आम्ही नेमकं उलटं केलं, आणि नंतरची सगळी डागडुजी त्यातूनच आली.

छप्पर सुरुवातीपासून पूर्ण घालीन. बाबांचं बरोबर होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं आहे.

यू खिळे वापरणारच नाही. जाळी तात्पुरती धरायला शिकंजे पुरतात. कापाकापी आवाराच्या बाहेर, ताडपत्रीवर. चुंबक फिरवल्याशिवाय बदकं आत जाणार नाहीत, मग अंधार पडला तरी ती एक रात्र खोक्यात काढतील.

विटांच्या घराबद्दल मात्र माझं मत थोडं बदललं आहे. पाण्याची वाट एकदा नक्की झाल्यावर त्याच जागी 8 इंचांचं पक्कं जोतं आणि त्यावर लाकडी घर, हे बहुधा जास्त टिकलं असतं. आत्ताच्या घराचे खालचे वासे एका बाजूने ओल धरू लागले आहेत. येत्या कोरड्या दिवसांत ते बदलायचे आहेत.

दोन नव्या माद्या आणायचं ठरलं आहे. त्यांना आधी 30 दिवस वेगळं ठेवायला हवं, आणि त्यासाठी जागा होतीच. जुन्या खुराड्याचे पाय कापून ते जमिनीवर बसवलं, दांड्या आणि शिडी काढली, षटकोनी जाळीवर वेल्डमेश चढवली. कापलेली टोकं ताडपत्रीवर मोजून बाबांनी डब्यात भरली, आणि चुंबक दोनदा फिरवला.